पुढची दोरी

कयाक होडी गाडीच्या टपावर पट्ट्यांनी आवळली आणि पुढच्या दोरीनं मी तिचं टोक बंपरला बांधलं की दादा ती होडी दोन्ही हातांनी गदागदा हलवतो. नुसती कयाक हलली तर पट्टे सैल; तिच्याबरोबर अख्खी गाडी डुलली तर बांधणी पक्की. बांधलेलं असणं म्हणजे हेच असावं, एकाला हलवलं की दुसऱ्यानं डुलायचं. मी मात्र इतकी वर्षं सैलच होतो. त्याची पहिली कयाक घाटात टपावरून उडून फुटली, तेव्हा "पट्टा तुटला" म्हणून मी हात झटकले होते.

आज गाडी डुलली आणि मला राहवलं नाही.

"दादा, तेव्हा पट्टा तुटला नव्हता. पुढची दोरी बांधायलाच मी विसरलो होतो."

"माहितीये रे. नाहीतर दरवेळी घाटाआधी थांबून तुझी गाठ कशाला बघितली असती?"

मला वाटायचं, तो चहासाठी थांबतो.