आक्कांनी निवडलेलं सिंक

"हिचं माप नगं घेऊस, मिस्त्री. ही दिवाळी बघत न्हाय. सुशीचं घे."

सिंकाच्या उंचीसाठी मिस्त्रीने माझ्या खांद्याला टेप लावली होती. आक्कांचं ऐकून त्याने ती काढून घेतली. मी भिंतीपासून बाजूला झाले आणि सुशी माझ्या जागेवर येऊन उभी राहिली. सुशी म्हणजे आक्कांच्या कागलच्या दिराची मुलगी. एकोणीस वर्षांची, ताडमाड उंच. मी आजारी म्हणून मदतीला आणली, असं पेठेत सांगितलं होतं. घरात सगळ्यांना खरं ठाऊक होतं. मी मेले की आमच्या मालकांशी तिचं लग्न लावायचं होतं. मालक तिथंच होते. तळहातावर तंबाखू मळत होते. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि बाहेर गेले. मिस्त्रीने सुशीला हात खाली सोडायला लावला आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. ती माझ्या मापाच्या चांगली चार बोटं वर होती.

साल बहात्तर होतं. मला टी.बी. झाला होता.

आक्का माझ्या थोरल्या नणंद. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा कोल्हापूरला मंगळवार पेठेत माहेरी परत आल्या. पुढे आई-वडील गेले आणि धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. भाऊ उद्यमनगरात फौंड्रीत कामाला लागला, बापई झाला, तरी त्याच्या चपलासुद्धा आक्काच पसंत करत. वस्तू घेताना त्यांना लाज नव्हती. मला बघायला मलकापूरला आल्या तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, की शाळा विचारली नाही. आडातून भरलेली घागर काढायला लावली. मग माझे हात उलटे करून तळवे बघितले आणि माझ्या बापाला म्हणाल्या, "चालंल." लग्नानंतर मी एकदा ह्याची आठवण काढली. त्या म्हणाल्या, "आपण वापरायची वस्तू. तिला वाईट वाटंल म्हणून तपासायची न्हाय व्हय?"

तोवर आमच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात जमिनीवर मोरी होती. तिच्यात उकिडवं बसून भांडी घासायची. लुगडं भिजायचं, पाय भिजायचे. डॉक्टरांनी सांगितलं की, ह्यांना ओलीत बसू देऊ नका. आक्का घरी आल्या, मोरीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओलीत बसून एक बाई गेली. दुसरी जायला नगं. उभ्यानं घासायचं सिंक करून घेऊ." मी तिथंच बसले होते. गेलेली बाई म्हणजे मीच.

सिंक घ्यायला लक्ष्मीपुरीत गेलो तेव्हा त्यांनी सुशीला नाही, मला बरोबर नेलं. भांडी मला ठाऊक होती. जत्रेला मटण शिजवायचं पातेलं त्यांनी कमरेवर घेतलं आणि अर्धं लिंबू कनवटीला लावलं. दुकानदार हसला.

"मावशी, पातेलं कशाला आणलंय?"

"मग काय तुला घालून बघू त्यात?"

प्रत्येक सिंकात त्यांनी पातेलं आडवं घालून बघितलं. आडवं बसलं नाही की पुढचं. पांढऱ्या चिनी मातीच्या सिंकाला म्हणाल्या, "वरवंटा पडला की खपला उडंल. आणि रोज उठून असल्या पांढऱ्या दाताड्याकडं बघवत न्हाय." स्टीलला बोटाने टिचकी मारली. "पत्रा हाय. नळ सोडला की घरात बँड." मोझॅकवर लिंबू चोळलं, दुकानदाराला दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बघून ये म्हणाल्या आणि परत आला तेव्हा त्याला पांढरा पडलेला डाग दाखवला. तो ओरडायला लागला. आक्का शांतपणे म्हणाल्या, "ओरडतोस कशाला? आता खरं बोलून तरी विकशील."

शेवटी काळा कडाप्पा ठरला. दगड घरी न्यायचा, मिस्त्रीने तुकडे सांधून सिंक बांधायचं. दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या वहिनी वापरणार व्हय? मग जरा बुटकंच करा."

"ह्या न्हाय वापरणार," आक्का म्हणाल्या. "ह्या नुसत्या बघायला आल्यात."

परत येताना पातेलं त्यांनी माझ्याकडे दिलं नाही. मी मागितलं तर म्हणाल्या, "वाटंत पडलीस तर दोन वझी कुठली उचलू?"

माप घेतलं ते मी आधी सांगितलं. सिंक बांधून झाल्यावर त्यांनी ते काठोकाठ भरलं आणि खाली चुलीतली कोरडी राख पसरली. दुसऱ्या दिवशी राख एका जागी भिजलेली निघाली. मिस्त्री म्हणाला, "आक्का, एवढंसं तर हाय, बसंल आपोआप."

"तुझ्या घरात बसत असंल. फोड."

त्याने सांधा फोडून परत केला. तळाचा ढाळही त्यांनी मोहरीचे दाणे टाकून तपासला. पाणी ओतल्यावर एक दाणा जरी मागे राहिला तरी चालणार नव्हतं. असं सिंक पेठेत कुणाकडे नव्हतं. बायका बघायला येत. आक्का त्यांना पातेलं घालून दाखवत.

माझी भांडी मात्र त्या सिंकात जायची नाहीत. माझं ताट, वाटी, तांब्या सगळं वेगळं. मी ते परसात गटारीपाशी राखेने घासायचं आणि उन्हात पालथं घालायचं. रोग भांड्यातून लागतो असं आक्का म्हणत. आम्ही सगळेच तसं मानत होतो. एकदा सुशीने चुकून माझी वाटी सिंकात ठेवली, तर आक्कांनी तिच्या पाठीत लाटणं घातलं आणि सिंक उकळत्या पाण्याने तीनदा धुतलं. मागच्या खोलीत मी निजायची. मला रात्री खोकला आला तर पाणी द्यायला माणूस हवं म्हणून माझ्या शेजारी सुशीला निजवलं होतं. भावाला तिकडे फिरकू देत नसत. डॉक्टर म्हणाले होते, खिडकी उघडी ठेवा. वारं लागेल म्हणून आक्कांनी ती खिळे मारून बंद केली होती.

इंजेक्शनं मात्र त्यांनी चुकू दिली नाहीत. रोज सकाळी मला दवाखान्यात चालवत नेत. मला दम लागला की थांबत, पण बसू देत नसत. बुडात गाठी आल्या, मी एके दिवशी उंबऱ्यातच नको म्हणून बसले. त्यांनी माझी वेणी धरून उठवलं.

"मरायचं तर मर की. पण औषिध न घेता मेलीस तर लोक माझ्या भावाला बोलतील."

अंडी, शेळीचं दूध, पायाचं सूप. समोर उभ्या राहून खायला लावत. ओकलं तर परत वाढत. अशी माझी सेवा माझ्या आईनेही केली नसती. आई येऊन रडून गेली फक्त.

दिवाळी झाली. संक्रांत झाली. मला भूक लागायला लागली. शिमग्याच्या सुमाराला छातीचा फोटो काढला, तर डॉक्टर म्हणाले, सुटलात. मी घरी येऊन सांगितलं.

"आक्का, मी काय मरत न्हाय आता."

त्या सिंकापाशी उभ्या होत्या. मागे वळल्या नाहीत. "आधी सांगायचं न्हाय व्हय? पोरीचं एक वरीस खाल्लंस."

सुशी हसली. मला अजून वाटतं, तिला मनापासून बरं वाटलं असावं. आमच्या मालकांना तोवर टक्कल पडलं होतं. जाताना ती मला म्हणाली, "मामी, त्या सिंकाला पाट घ्या तुम्ही पायाखाली. न्हायतर बगला दुखतील." मी बघितलं, तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. कामाने उतरली असेल, असं मला वाटलं. दुसऱ्याच्या तब्येतीकडे बघायचं मला तेव्हा सुचत नव्हतं.

दोन महिन्यांत कागलहून माणूस आला. सुशी खोकते म्हणून सांगत होता. आक्का ऐकून तशाच उठल्या आणि एस.टी.ने गेल्या. दिराला म्हणाल्या, तिला कोल्हापूरला आण, मी इंजेक्शनं करते. दिराने त्यांना आत घेतलं नाही.

"वैनी, आमच्या पोरीला तसलं काय न्हाय. पोरगी उजवायची हाय मला. हितं बोंबलू नगा."

आक्का चार वेळा गेल्या. चौथ्यांदा ओसरीवर दिवसभर बसून राहिल्या. सुशीला आतून त्यांचा आवाज ऐकू येत असणार. ते लोक वैदूचा काढा देत होते. श्रावणात ती गेली.

मातीला जाऊन आक्का परत आल्या तेव्हा मी पाटावर उभी राहून सिंकात तांदूळ धुवत होते. त्या उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "रोग तुझा. पण तिला तिथं निजवली मी. भांडी राखत बसले."

मी तांदूळ धुवत राहिले.

"शालन, तू तरी मरायचं हुतंस."

"व्हय," मी म्हटलं. काय चुकीचं बोलल्या होत्या? भात झाल्यावर त्यांना ताट वाढलं. त्या जेवल्या.

मागच्या खोलीच्या खिडकीचे खिळे त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः उपटले. आमचे मालक एकदा म्हणाले, सिंक फोडून खाली घेऊ या, हिला उंच पडतंय. मीच नको म्हटलं. चांगलं बांधलेलं सिंक फोडायचं कशाला?

त्यानंतर आम्ही अकरा वर्षं एकत्र काढली. मला दोन मुलं झाली. त्यांनी दोघांनाही आंघोळ घातली, दोघांनाही मारलं. भाजी निवडताना माझा हात चुकला की अजून म्हणत, "मलकापूरला तुझं तळवं बघितलं, डोळं बघायचं ऱ्हायलं." त्यांच्या पोटात गाठ झाली तेव्हा त्यांनी दवाखान्याला नकार दिला. मी वेणी धरून उठवलं नाही. त्यांना वेणी नव्हती, आणि मला त्यांच्याएवढं धाडसही नव्हतं. शेवटचे आठ दिवस मी चमच्याने पेज घातली. शेजारीण म्हणाली, कागलला कळवू या का. आक्का म्हणाल्या, "कुणाला?"

बहात्तर साली त्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी बायका होतो. सुशी विसाव्या वर्षी गेली. आक्का साठीत गेल्या. मी जिवंत आहे.