दाजींचं कपाट

आमच्या दाजींचे किस्से मी काही ठरवून गोळा केलेले नाहीत बरं का! दुकानात दोन ओळखीचे येऊन टेकले की एक तरी निघतोच, आणि तो सांगून घरी जावं तर तिथं नवा घडलेला असतो.

दाजी म्हणजे मार्टिन. जर्मनीचे. आमच्या आक्कानं तिकडं नोकरी करता करता त्यांच्याशी लग्न केलं आणि दोघं लातूरला बेकरी टाकायला आले. बोली एवढीच, "एक वर्ष बघू. नाही जमलं तर परत." दाजींची मोठी सूटकेस पलंगाखाली भरलेलीच. कपाट करून घ्या म्हटलं तर म्हणायचे, "नको, सूटकेस आहे." झाडताना ती दिसली की आई झाडू आपटून उठायची.

*

बेकरीचं काउंटर नागनाथमामांकडं दिलं. मामा सुतार म्हणून एक नंबर, फक्त येत नाहीत! "सोमवारी दहाला येतो," म्हणाले. दाजी पावणेदहापासून दुकानासमोर उभे. जेवायला मी ओढून आणलं, तर जेवून परत जाऊन उभे!

मामा उगवले गुरुवारी. दाजी लालबुंद. "मी सोमवारी दिवसभर उभा होतो!"

मामांना खरंच वाईट वाटलं. "अगागा! दिवसभर? आवं, खुर्ची तरी घ्यायची एखादी!"

*

लातूरचं पाणी तर तुम्हाला माहीतच आहे, नळाला कधी येईल नेम नाही. दाजींनी नळासाठी मोबाईलवर अलार्म लावले. आई म्हणाली, "जावईबापू, ते बंद करा. समोरची पारूबाई वरडली की समजायचं, आलं पाणी."

दुसऱ्या दिवशी पारूबाई ओरडली. दाजी तोंडाला साबण तसाच ठेवून, घागर घेऊन धावले. पाणी कुठलं! तिचं नवऱ्याशी कडाक्याचं भांडण चाललेलं, आणि मधोमध आमचे दाजी. भांडण तिथंच मिटलं.

*

सगळं तयार झालं आणि लागला अधिक महिना. आईनं सांगितलं, "नवं काम ह्या महिन्यात न्हाई."

"अजून एक महिना?" दाजींनी डोक्याला हात लावला.

पण अधिक महिना जावयाचा! आज मावशीकडं धोंड्याचं जेवण, उद्या काकूकडं, परवा उदगीरला. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, शिवाय टॉवेल-टोपी. महिनाअखेरीला दाजींची पँट लागेना. हळूच विचारतात, "पुढचा अधिक महिना कधी?"

"तीन वर्सांनी," आई म्हणाली. "थांबा की तवर!"

दाजी नुसते हसले. आईला ते हसणं काही आवडलं नाही.

*

उद्घाटनाला पहिले आले शेजारचे वकीलकाका. दाजींचा ब्रेड वरून कडक असतो. काकांनी तो कलिंगडासारखा वाजवून बघितला. "दाजी, शिळा असंल तर भाव कमी करा की!"

आधीचे दाजी असते तर तासभर समजावत बसले असते. हे म्हणाले, "बसा काका, चहा घ्या." ब्रेड चहात बुडवून खायला दिला. काका दोन घेऊन गेले, आणि जाताना म्हणतात कसे, "उद्यापण शिळाच ठेवा!"

*

मागच्या आठवड्यात वर्ष भरलं. बेकरी बरी चालली होती, पण दाजींना विचारायची कुणाची छाती होईना. आईनं तर सकाळपासून दोनदा भाजीत मीठ टाकलं.

त्याच दिवशी नागनाथमामा दाराची कडी बसवायला घरी आले. दाजी त्यांना म्हणाले, "मामा, घरी एक कपाट करायचं हाय."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मामांना त्याचं काय! ते आपल्याच तालात. "सागवान हाय माझ्याकडं, पण लई ओलं हाय. आत्ता केलं तर वाकंल. दोन वर्सं वाळू द्यावं लागंल. चालंल का?"

झालं! सोमवारचा गुरुवार झाला म्हणून तांबडालाल होणारा माणूस हा. मी डोळेच मिटले.

"हाव मामा," दाजी म्हणाले. "घाई न्हाई."

आई पदरानं डोळे पुसत बाहेर आली आणि खेकसली ती मामांवरच, "नागनाथभाऊ, दोनच का? तीन वर्सं वाळू द्या चांगलं!"