रणवीरच्या विमानाचं चाक
रणवीरने छाणी गावाजवळच्या शेडमध्ये स्वतः जोडलेल्या छोट्या विमानाची चाकं तपासायला जगदेवराव माने दर रविवारी जात. बायको गेल्यापासून आठवड्यात त्यांच्याशी धड बोलणारा तो एकटाच होता. त्या रविवारी त्यांना टायरच्या कडेला बारीक भेगा दिसल्या.

"काका, नक्षी तर अजून नवी आहे. चालशे, चालेल अजून!"

"उभ्या उभ्या रबर कुजलंय, शहाण्या! उतरताना फुटलं तर विमानासकट उलटशील."

"मग दुसरा माणूस बघतो मी."

"खुशाल बघ. चाक मी नेतोय. नवा टायर आण, मग घेऊन जा."

तीन रविवार झाले. चाक पलंगाखालीच आहे. निदान भांडायला तरी येईल, म्हणून जगदेवराव दार उघडं ठेवून बसतात.