जुन्या कठड्याखालची सही

ऑफिसात सगळे त्यांना कोठीवाल्या बाई म्हणायचे. आर्किटेक्टचं ऑफिस, तीन टीम. जिना, खिडकी, गच्चीची कड असं जे प्रत्येक इमारतीत पुन्हा पुन्हा लागतं, त्याचे नमुना-नकाशे बाईंनी काँप्युटरवर एका सामाईक फोल्डरात सतरा वर्षं सांभाळले होते. कुठे चूक सापडली की दुरुस्त करायच्या, तारीख घालायच्या, सगळ्यांना मेल पाठवायच्या. मेल वाचतंय कोण म्हणा!

जिन्याच्या कठड्यातल्या दोन गजांमधलं अंतर त्यांनी सहा वर्षांपूर्वी पंधरा सेंटिमीटरवरून दहावर आणलं होतं. पंधरात लहान मुलाचं डोकं जातं.

एका सोमवारी ते गेलंच. नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन वर्षांच्या मुलीचं. गज कापून तिला सोडवावं लागलं.

साहेबांनी नकाशा पुढे सरकवला. "हा तुमचा ना?"

खाली बाईंची सही, वर तारीख गेल्या वर्षीची. अंतर मात्र पंधरा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन नंबरच्या टीमचा प्रमुख शेजारीच बसला होता. "तुमचं फोल्डर उघडायला फार वेळ लागतो हो. आम्ही आमच्याकडे एक कॉपी करून ठेवली होती."

"कधीची?"

"असेल सहा-सात वर्षांपूर्वीची. तारीख तेवढी बदलली."

"तारीख बदलायला हात शिवशिवले, आकडा बघायला डोळे नव्हते? आणि सही माझी ठेवलीत!"

"बाई, जाऊ दे," साहेब म्हणाले. "बाहेर बोलू नका. मी सगळ्यांना सूचना काढतो."

घरी नवऱ्याचंही तेच. "पगार मिळतोय ना? मग गप्प बस."

"पगार कामाचा मिळतो, गप्प बसायचा नाही," म्हणून त्यांनी ताटावरून उठून पर्समध्ये मोजपट्टी टाकली.

दुसऱ्या दिवशी त्या इमारतीत गेल्या. मुलीची आई लेकीला कडेवर घेऊनच दारात आली. पोरीच्या दोन्ही कानांमागे खरचटलेलं.

"त्या वेल्डरला आम्ही सोडणार नाही," आई म्हणाली. "वाट्टेल तसे गज ठोकलेत मेल्यानं."

चोर सोडून संन्याशाला फाशी! बाईंनी तिच्यासमोर गजांमधलं अंतर मोजलं. "त्यानं कागदावर होतं तेच केलं, ताई. चूक आमच्या ऑफिसची आहे. त्याला काही बोलू नका."

हे साहेबांच्या कानावर गेलं. ते भडकले. बाईंनी त्यांच्यापुढे लेखी कागद ठेवला: यापुढे कुणी कॉपी करायची नाही, सगळ्यांचे नकाशे एकाच फोल्डरला जोडायचे, म्हणजे एकदा केलेली दुरुस्ती सगळीकडे पोचेल. जमत नसेल तर माझी सही प्रत्येक नकाशावरून काढा.

साहेब आठवडाभर धुमसले, मग कबूल झाले. त्या इमारतीत दर दोन गजांमध्ये एक नवा गज बसला, तोही त्याच वेल्डरच्या हातून.

मग बाईंनी प्रमुखाच्या काँप्युटरवरच्या सगळ्या कॉप्या उघडायला लावल्या. तोच कठडा आणखी चार इमारतींत निघाला. प्रमुख म्हणाला, "तिथून काही तक्रार नाहीये."

बाईंनी त्याच्याच टेबलावरचा फोन ओढून त्या चारांतल्या पहिल्या इमारतीचा नंबर फिरवला.