उजवीकडे वळणारे आमचे साडू

आमच्या साडूंबरोबर एकदा प्रवास केलेल्या माणसाने पुढे तीर्थयात्रा केली नाही तरी चालतं. त्याची सगळी पापं वाटेतच फिटलेली असतात. मी त्यांच्याबरोबर माथेरान, महाबळेश्वर आणि बुडापेस्ट अशा चढत्या क्रमाने प्रवास केला आहे. त्यामुळे माझ्या नावावर आता थोडं पुण्यही शिल्लक असावं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी शाळेत मास्तर. आम्ही कर्जत गावात आणि ते नदीपलीकडे दहिवलीला, म्हणजे टाळता येण्याइतके लांब नाहीत. उभी हयात त्यांनी रसायनीच्या एका कारखान्यात, कंप्रेसर हाऊसमध्ये काढली. तिथल्या घरघराटात चढलेला त्यांचा आवाज निवृत्तीनंतरही त्यांच्याबरोबर घरी आला. दारात कोणी आलं की ते म्हणणार, "आलात? बसा. कसे आहात? बरे आहात. चहा घेणार? घेणारच!" प्रश्नही त्यांचे आणि उत्तरंही त्यांचीच, पाहुण्याने फक्त बशी धरायची. फोनची तऱ्हा याहून पुढची. "हॅलो, मी बोलतोय. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार. ठेवतो." एकदा मी त्यांना माझा पाय मुरगळल्याचं सांगायला फोन केला, तर माझं पाऊल कसं ठणठणीत आहे हे मलाच ऐकवून त्यांनी फोन ठेवला होता. रस्त्याने चालताना आपण त्यांच्या डाव्या हाताला असलो तर खांद्याला धरून ते आपल्याला उजवीकडे ढकलणार. लग्नाच्या पंगतीत त्यांना डाव्या टोकाचंच पान हवं. त्यासाठी एकदा त्यांनी नवरीच्या मामाला वाढलेल्या पानावरून उठवलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला भिंत लागते." का लागते ते कधी सांगितलं नाही. मी मनात त्याची नोंद 'मिजास' या सदरात करून ठेवली होती.

शिकवून घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कडावला आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने नवा पॉवर टिलर आणला होता. आम्ही दोघं सहज बघायला गेलो. शेतकरी बिचारा माहिती सांगत होता आणि साडू ती ऐकायच्या आतच मान डोलवत होते. मग चप्पल काढून ते सरळ चिखलात उतरले आणि टिलर घेऊन निघाले. शेताच्या टोकाला पोचल्यावर वळायचं असतं. साडू वळले नाहीत. एक बांध फुटला, मग दुसरा. शेतकऱ्याची म्हातारी आई पदर खोचून मागे धावत होती. "अवो सायेब, थांबा! डावीकडं घ्या, डावीकडं! अरं, धर रं कोनी त्यांना! ह्यो मानूस आयकतच नाय!" शेवटी शेजारच्याच्या भाजीच्या वाफ्यात टिलर रुतला, तेव्हा साडू खाली बघून म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. जमिनीत दोष आहे."

अशा माणसाबरोबर मी युरोपला का गेलो, हा प्रश्न माझी बायको सोडून सगळ्यांनी मला विचारला. तिने विचारला नाही, कारण सहल तिने आणि ताईने, म्हणजे तिच्या बहिणीने, मिळून ठरवली होती. ताई हा त्या घरातला शांत कोपरा. इतकी वर्षं त्या गडगडाटात राहून ही बाई कधी कपाळाला आठी घालत नाही, याचं मला नवल वाटायचं. सहलीत साडूंनी अपेक्षेप्रमाणे संपूर्ण युरोपाची कर्जत तालुक्याशी तुलना केली. डॅन्यूब नदी पाहून म्हणाले, "रुंद आहे, पण आपल्या उल्हासची ओढ नाही." एका प्रचंड गुहेपाशी म्हणाले, "कोंडाण्याची लेणी दाखवा यांना." आमच्या सहलीतले पुण्याचे एक गृहस्थ तिसऱ्या दिवसापासून बसमध्ये जागा बदलून बसू लागले.

बुडापेस्टला एक दुपार मोकळी मिळाली. नदीपलीकडच्या टेकडीवर जुना राजवाडा आणि दगडी गल्ल्या आहेत, त्या पाहाव्यात असं ताईला फार वाटत होतं. पण तिचे गुडघे चढ-उतार मानत नाहीत. तेवढ्यात साडूंना हॉटेलच्या दारात एक रंगीत पत्रक सापडलं. सेगवेवरून शहरदर्शन! सेगवे म्हणजे शेजारी शेजारी दोन चाकं, मध्ये उभं राहायला फळी आणि छातीपर्यंत येणारा दांडा. पुढे झुकलं की पुढे जातं, मागे झुकलं की थांबतं, दांडा ज्या बाजूला कलवाल त्या बाजूला वळतं. ब्रेक नाही, बसायला जागा नाही. माझ्या बायकोने फोटो बघितला आणि म्हणाली, "मी नाही बाई या पाटावर उभी राहणार. मी खाली कॉफी पीत बसते, तुमच्या पिशव्या सांभाळते." आमचे फोन, पाकिटं, साडूंच्या गोळ्या, सगळं तिच्याकडे ठेवून आम्ही तिघं निघालो.

आमची वाटाड्या एक उंच, हसरी मुलगी होती. तिने आम्हाला आणि आणखी पाच-सहा प्रवाशांना हेल्मेटं घातली आणि मोकळ्या पटांगणात एकेकाला शिकवायला घेतलं. मला दोनदा खाली उतरावं लागलं, पण जमलं. ताईने पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली, टिकलीवर हेल्मेट चढवलं, त्या मुलीचं बोलणं मान हलवत नीट ऐकून घेतलं आणि फळीवर पाय ठेवला. पुढच्या क्षणी ती पटांगणाला अशी सुरेख गिरकी घालून आली की मुलीने टाळ्या वाजवल्या. "अगं बाई," ताई धापा टाकत म्हणाली, "हे तर अंगणात फेर धरल्यासारखंच आहे!" साडूंची शिकवणी चालू असताना मुलगी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून समजावत होती आणि साडू समोरच्या राजवाड्याचं दगडकाम कसं कच्चं आहे ते मला ऐकवत होते. मी म्हटलं, "अहो, ती काय सांगते आहे ते ऐका." ते म्हणाले, "मास्तर, यंत्रांत आयुष्य गेलंय माझं." आणि निघाले. उजवीकडे. मग पुन्हा उजवीकडे. डावीकडे वळायची कला त्यांनी घेतलीच नव्हती. मुलगी काळजीत पडली. पण ते हळू जात होते आणि पडत नव्हते, म्हणून तिने त्यांना रांगेच्या शेवटी सावकाश यायला बजावलं आणि सरळ चढाने आमची वरात टेकडीवर चढली.

वरचं शहर खरंच देखणं होतं. पिवळ्या-गुलाबी भिंती, खिडक्यांतून लोंबणारी फुलं, पायाखाली गुळगुळीत झालेले दगड. पण मला त्यातलं फारसं आठवत नाही, कारण मी साडूंकडे बघत होतो. मुलगी एका दाराचा इतिहास सांगायला थांबली की साडू तिच्या बोलण्यावर स्वतःचं बोलणं चालू ठेवायचे. बाकीचे प्रवासी माझ्याकडे वळून बघायचे, जणू त्या गृहस्थांचा आवाज कमी करायचं बटण माझ्याकडे होतं. एका चौकात आमची रांग डावीकडे वळली. मी वळलो, ताई वळली. मागे बघतो तर साडू नाहीत.

आधी मला राग आला. मग ताईने हाक मारली, "अहो! अहो, कुठे आहात?" आणि तिच्या आवाजातला कंप ऐकून माझा राग जरा निवाला. त्यांच्याकडे फोन नव्हता, पाकीट नव्हतं, हॉटेलचं नाव त्यांनी कधी लक्षात ठेवलं नव्हतं. टेकडीच्या कडेला उतार होते आणि खाली मोठ्या गाड्यांचा रस्ता. वाटाड्या मुलीने बाकीच्यांना एका चर्चपाशी थांबवलं आणि ती खालच्या रस्त्याकडे शोधायला गेली. मी जोरजोरात हाका मारल्या. दगडी गल्ल्यांतून माझाच आवाज परत येत होता. "हाका मारून उपयोग नाही, भाऊजी," ताई म्हणाली. "त्यांना उजवीकडेच वळता येतं ना? मग आपणही उजवीकडेच वळू." आणि गुडघे दुखणारी ती बाई पुढे झुकून अशी सुसाट निघाली की मला तिला गाठताना घाम फुटला.

एक उजवं वळण, मग दुसरं. एका अरुंद बोळाच्या शेवटी छोटं आवार होतं, तिथे साडू पायरीवर बसलेले दिसले. यंत्र बाजूला आडवं पडलेलं. तळहात सोलवटलेला, विजारीचा गुडघा फाटलेला. त्यांच्या डाव्या बाजूला एक पोलीस वाकून उभा होता आणि इंग्रजीत विचारत होता, "तुम्हाला लागलंय का? बरोबर कोण आहे?" साडूंचं लक्षच नव्हतं. मग पोलिसाने खांद्याला हात लावला तशी ते दचकले आणि हसून मोठ्यांदा म्हणाले, "हो हो! इंडिया! कर्जत! माथेरानच्या जवळ!" पोलिसाने पुन्हा तेच विचारलं. साडूंनी पुन्हा कर्जत सांगितलं. आता ते पोलिसाच्या ओठांकडे बघत होते, एखादं मूल परीक्षेत शेजारच्याच्या पेपराकडे बघतं तसे. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

ताई उतरली, पोलिसाला हाताने थांबवलं आणि साडूंच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "अहो, मी आलेय."

"तू हाक मारत होतीस का गं?" त्यांनी विचारलं. आवाज इतका लहान की तो त्यांचाच आहे यावर माझा विश्वास बसेना. "मला वाटलं तुम्ही सगळे पुढे निघून गेलात."

"कुठे जाणार तुम्हाला टाकून?" असं म्हणून तिने ओढणीने त्यांचा हात पुसला.

मी पोलिसाला समजावून पाठवून दिलं. परत येईपर्यंत ताईने साडूंना पाणी पाजून भिंतीला टेकवून बसवलं होतं. ती माझ्याजवळ आली. "भाऊजी, तुम्हाला सांगते, पण त्यांच्यासमोर विषय काढू नका. डाव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नाही. उजव्यानेही फार कमी. कंप्रेसरच्या त्या आवाजाने गेले कान, नोकरीत असतानाच. कुणाला कळलं तर बाहेर काढतील म्हणून तेव्हा लपवलं, आणि मग लपवायची सवयच लागली. समोरच्याने काही विचारायच्या आत स्वतःच बोलून टाकतात. म्हणजे उत्तर चुकायची भीती नको."

पाहुण्यांच्या वतीने दिलेली ती सगळी उत्तरं, ते डाव्या टोकाचं पान, कडावचे फुटलेले बांध, सगळं एकदम उलगडलं. एवढी वर्षं ह्या माणसाने एकट्याने केवढी कसरत केली होती! पण सहानुभूती फार वेळ टिकू देतील तर ते साडू कसले! तेवढ्यात ते उठून कपडे झटकत म्हणाले, "मास्तर, या लोकांचे रस्ते चुकीच्या बाजूला वळतात."

ताई मात्र जागची हलेना. कमरेवर हात ठेवून त्यांच्या उजव्या कानापाशी उभी राहिली. "कर्जतला गेल्यावर पहिलं काम कान दाखवायचं. यंत्र लावायचं. हो म्हणा, नाहीतर मी याच गावात राहते. मला आता इथे फिरता येतं."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आकाशाकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले. त्यांचं एका शब्दात संपलेलं ते पहिलंच बोलणं असावं. आपलं सेगवे ढकलत ते पायी निघाले. त्यांच्या उजव्या हाताला ताई, तिचं सेगवे त्यांच्या चालीने हळूहळू. मी मागे.

कानाचं यंत्र पनवेलला मिळालं. त्याने आमचे हाल संपले असं वाटत असेल, तर तुम्ही साडूंना ओळखलं नाही. आता त्यांना ऐकू येतं, आणि ऐकू येणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांची तक्रार असते. माझ्या घरचा पंखा कुरकुरतो, माझा नळ ठिबकतो, मी चहा पिताना आवाज करतो. माझ्या बायकोने त्यांच्याबद्दल दबक्या आवाजात काढलेले उद्गारही आता पोचतात, त्यामुळे दोन्ही घरांत काही काळ बोलणं बंद होतं. कधीकधी मला वाटतं, त्या पनवेलच्या डॉक्टरने आम्हा सगळ्यांचा विचार करायला हवा होता.

परवा दुपारी दहिवलीला गेलो होतो. साडू ओटीवर मला नळाचा वायसर कसा बदलावा ते सांगत होते. बोलता बोलता मध्येच थांबले. मान वर केली. "मास्तर, शेजारी रेडिओ लागलाय का?"

मी ऐकलं. "रेडिओ नाही. ताई आहेत. आत काहीतरी निवडत बसल्यात वाटतं. भोंडल्याचं गाणं म्हणतायत."

"ही म्हणते?"

"हो."

"कधीपासून?"

काय सांगणार? माझं लग्न झाल्यापासून आम्ही जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तेव्हा स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं ऐकलं होतं. मी म्हटलं, "बरेच दिवस झाले."

वायसर साडूंच्या हातातच राहिला. मग ते उठले, आपली खुर्ची उचलली, पाय न वाजवता नेऊन आतल्या दाराच्या बाहेर ठेवली आणि तिथेच बसून राहिले. आत गाणं चाललं होतं. मी चपला घातल्या आणि त्यांना न सांगताच निघालो.