मग सर

बीडच्या लॉ कॉलेजात आम्हाला शिकवणाऱ्या एका सरांना सगळे ‘मग सर’ म्हणत. उत्तर कितीही बरोबर असो, ते चष्मा कपाळावर सरकवत आणि एवढंच विचारत, “मग?” या एका शब्दानं भल्याभल्यांची पाठ केलेली कलमं गळून पडत.

अंतर्गत गुणांसाठी ते तोंडी परीक्षा घेत. माझ्या वेळी म्हणाले, “समज, मी एक बाई हाय. नवऱ्यानं घराबाहेर काढलंय. बोल माझ्याशी.” मी पोटगीचं कलम पोटकलमांसकट घडाघडा म्हटलं. वीसपैकी आठ मिळाले. मी रडतच त्यांच्या खोलीत गेले.

“सर, एक शब्द चुकला नव्हता माझा.”

“न्हाई चुकला. पण तू बोलत कुणाशी होतीस?” मग शांतपणे म्हणाले, “गावी जा. हेच आईला समजावून सांग. ती काय म्हणते ते लिहून आण.”

नांदूरघाटला आमचं दोन खोल्यांचं घर. दारात बाबासाहेबांचा फोटो आणि घरात वकील होणारी पहिली मुलगी, म्हणून आई माझं बोलणं हातातलं काम सोडून ऐकायची. त्या दिवशीही तिनं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, “लई बोललीस बाई. पन त्या बाईनं जायचं कुठं? संगं कागद कोनते न्यायचे? त्ये तर न्हाई सांगितलंस.”

मी ते जसंच्या तसं लिहून नेलं. सरांनी वाचलं आणि हसले. “माझ्यापेक्षा तुझ्या आईनं पेपर बरा तपासला,” म्हणाले. गुण मात्र आठच ठेवले.

पुढच्या वर्षी संस्थेनं ठरवलं, अंतर्गत गुण सगळ्यांना अठराच्या वर द्यायचे. निकाल चांगला दिसला तर प्रवेश वाढतात. बाकीच्यांनी दिले. सर म्हणाले, “ज्याला येत न्हाई त्याला येतं असं मी लिहून देणार न्हाई. उद्या त्याच्याकडं माणसं येणार हायेत.” मुलं चिडली. सरांकडून तोंडी परीक्षा काढून घ्यावी असा प्राचार्यांना अर्ज करायचं ठरलं. माझं लिखाण चांगलं म्हणून मसुदा माझ्याकडं आला. मला ते आठ गुण अजून टोचत होते. मी अर्ज लिहिला. खाली पहिली सही माझीच होती.

महिन्याभरात सरांकडून परीक्षा गेली. गुण आता त्यांच्या हातात नाहीत म्हटल्यावर मुलंही तासाला जाईनात. व्हरांड्यातून जाताना दिसायचं: दोन-तीन पोरं मागच्या बाकावर मोबाईल बघत बसलेली आणि सर पुढच्या रिकाम्या बाकांकडं बघत शिकवत असलेले. मधल्या सुट्टीत एकटेच डबा खायचे. निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभही झाला नाही.

केजच्या कोर्टात माझी वकिली बऱ्यापैकी चालायला लागल्यावर एका रविवारी मी त्यांना भेटायला आष्टीला गेले. त्यांची बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. सरांनी स्वतः चहा ठेवला. दुसरा कप शोधायला त्यांना बराच वेळ लागला. सापडला तो धुळीनं भरलेला. त्यांनी तो दोनदा धुतला.

“सर, तो अर्ज मी लिहिला होता,” मी कसंबसं म्हटलं.

“म्हाईत हाय की. प्राचार्यांनी दावला व्हता मला. अक्षर वळखत न्हाई व्हय मी तुझं?” ते चहा गाळत म्हणाले. “चांगला होता. काय पाहिजे ते पहिल्याच ओळीत. कुठं पाल्हाळ न्हाई. वाचला तवाच म्हटलं, पोरगी शिकली.”

त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. टोमणा नव्हता. माफीचे शब्द मी येताना एसटीत जुळवून ठेवले होते, ते तसेच राहिले. सर स्टँडपर्यंत सोडायला आले. “येत जा,” म्हणाले. मी पुन्हा गेले नाही. कामं होती, आणि लाजही वाटत होती.

ते गेल्याचं मला आष्टीकडच्या एका पक्षकाराकडून कळलं, तेही महिन्यानं. तो त्यांच्याच गल्लीतला. जमिनीच्या दाव्याचं बोलता बोलता सहज म्हणाला, “आमच्याकडं एक मास्तर व्हते कायद्याचे. दोन दिवस दार उघडलं न्हाई तवा लोकायला कळलं.” आणि माझ्याकडं बघून थांबला. “तुमच्या वळखीचे व्हते का, मॅडम?”

मी हो म्हटलं. तो बिचारा फाईल मांडीवर घेऊन, वकीलबाई आता काय सांगतात याची वाट बघत बसून राहिला.