होडीतली मधली बैठक

कृष्णेचे पाणी सांगलीतील आमच्या घराच्या तिसऱ्या पायरीला लागले, तेव्हा एक मासेमार आपली अ‍ॅल्युमिनियमची लहानशी होडी घेऊन दाराशी आला. माझ्या पत्नीचे खुब्याचे हाड आदल्याच दिवशी मोडले होते. तिला बसवणे अशक्य होते, आणि होडीत मधोमध पत्र्याची आडवी बैठक असल्यामुळे निजवणेही. त्याने क्षणभर पाहिले आणि करवत काढली.

परंतु कापण्याआधी तो बैठकीलगत, होडीच्या दोन्ही काठांना धरून, एक आडवा बांबू बांधू लागला. प्रत्येक गाठ तो दातांनी आवळी आणि पुन्हा ओढून पाही. आणखी एक पायरी बुडाली. मी पुटपुटत होतो तो जप चुकला.

"अहो, आधी कापा!" मी ओरडलो.

"आवं गुरुजी, ही नुसती बसायची फळी न्हवं, होडीची बरगडी हाय," मान वर न करता तो म्हणाला. "आधी आधार, मग करवत. न्हाईतर काठ आत येत्याल. जप तुमी करा, गाठी मला मारू द्या."

बैठक निघाली. पत्नीला आम्ही बांबूखाली सरकवून निजवले. तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले की, वल्हवताना तो ज्या जागी बसे, ती हीच.

"आता तुम्ही कोठे बसणार?"

"गुडघं हायत की."

कापलेल्या पत्र्यापाशी गुडघे टेकून त्याने आम्हांला कोरड्या रस्त्यापर्यंत नेले. उतरताना त्याचे गुडघे रक्ताळलेले दिसले. नाव विचारण्याचे मला सुचले नाही.

पत्नी आता काठी घेऊन चालते. पूजेला बसण्यासाठी पाट मांडताना मला ते गुडघे आठवतात, आणि काही क्षण मी उभाच राहतो.